घाटाच्या राजाची सायकल कुठे गेली? जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावरचे नाहीसे झालेले स्मारक

पारसिकपायथा:

कळव्याहून मुंब्र्याकडे जाणाऱ्या जुन्या रस्त्यावर, जिथे डोंगर आणि खाडी एकमेकांच्या अगदी जवळ येतात, त्या टप्प्यातल्या एका वळणावर मुंबई-पुणे सायकल शर्यतीचे एक लहानसे स्मारक होते. कमरेएवढा चौथरा, त्यावर लोखंडी नळ्यांची जोडून केलेली एक सायकल आणि चौथऱ्याच्या दर्शनी बाजूला काळ्या दगडाची पाटी, इतकेच त्याचे स्वरूप होते. आसपासच्या चाळींतील लोकांनी वर्गणी काढून ते उभारले होते. माझ्या वडिलांनी अकरा रुपये दिले होते आणि त्याची पावती आमच्या घरी अनेक वर्षे देवघराच्या खणात होती.

सायकलीवर स्वार नव्हता. पुढचे चाक वीतभर उचललेले होते, कारण ती घाट चढणारी सायकल आहे असे ती घडवणाऱ्या कारागिराला दाखवायचे होते. चाकांना आरे नव्हते, नुसत्या कडा होत्या, आणि त्या कडांमधून पलीकडची खाडी दिसत असे. रंग मूळचा आकाशी होता. सीटवर मात्र रंग कधीच टिकला नाही, कारण शाळेतून परतणारे प्रत्येक मूल एकदा तरी तिच्यावर चढून बसत असे, आणि त्यामुळे तेवढा भाग पितळेसारखा गुळगुळीत झाला होता. पूर्वी ही शर्यत या वाटेने जात असे, एवढेच त्या पाटीवर कोरले होते, आणि खाली ‘घाटाचा राजा’ हे शब्द होते.

2020 च्या टाळेबंदीनंतर मी पुन्हा त्या रस्त्याने जाऊ लागलो तेव्हा चौथरा, सायकल आणि पाटी यांपैकी काहीही तिथे राहिलेले नव्हते. त्या जागी पेव्हर ब्लॉक बसवलेला पदपथ होता. संबंधित कार्यालयात मी दोनदा जाऊन आलो. पहिल्या खेपेला असे काही तिथे होते याची कोणालाच माहिती नव्हती. दुसऱ्या खेपेला मला उलट विचारण्यात आले की ही शर्यत ठाण्यातून जातच नाही, तर तिचे स्मारक येथे असेलच कशाला. या प्रश्नाने मी जितका अस्वस्थ झालो तितका स्मारक हरवल्याने झालो नव्हतो, म्हणून हा धागा काढला आहे. ज्यांनी ते पाहिले असेल, ज्यांच्याकडे छायाचित्र असेल किंवा काढून नेताना ज्यांनी पाहिले असेल, त्यांनी कृपया येथे लिहावे.

शीळफाटा:

मी ते स्मारक पाहिले आहे. आपले वर्णन अचूक आहे, फक्त माझ्या आठवणीत रंग हिरवा आहे. कदाचित नंतर कोणी पुन्हा रंगवला असावा.

तुम्हाला विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर द्यायला हवे, कारण ते सरळ आहे. वाशीचा पहिला खाडीपूल 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला वाहतुकीसाठी खुला झाला. तोपर्यंत मुंबईहून पुण्याला गाडीने जायचे म्हणजे ठाण्याला वळसा घालूनच जावे लागे. ठाणे, कळवा, मुंब्रा, शीळ, तळोजा, पनवेल, मग खोपोली आणि बोरघाट हाच तो रस्ता होता. राष्ट्रीय महामार्ग क्रमांक 4 ची सुरुवातही ठाण्याजवळूनच धरली जात असे. आता त्या महामार्गाचा क्रमांकही बदलून 48 झाला आहे. शर्यत 1940 च्या दशकात सुरू झाली, म्हणजे पूल होण्याआधीची तिची सगळी वर्षे याच बाजूची आहेत. आज ती ठाण्यातून जात नाही हे खरे आहे, आणि म्हणूनच ती एकेकाळी इथून जात असे हे सांगणारा दगड इथे असणे आवश्यक होते.

माझे वडील शीळ फाट्याजवळ राहत. शर्यतीच्या दिवशी पहाटेपासून घरातली मोठी माणसे रस्त्याच्या कडेला घागरी भरून ठेवत, असे ते सांगत. स्वार थांबत नसत. त्यामुळे पाणी तांब्यातून सरळ त्यांच्या पाठीवर ओतायचे, आणि ते नेमके मानेवर पडावे म्हणून त्यांच्याबरोबर दहा-वीस पावले पळायचे, हे काम मुलांचे असे. बहुतेकांच्या सायकली रोजच्याच असत, मडगार्ड आणि कॅरिअर तेवढे काढून ठेवलेले. पुढारी कोण आणि मागे कोण हे मुलांना कळतही नसे, कारण त्यांना फक्त आपण कोणावर पाणी ओतले एवढेच लक्षात राही. वडील शेवटपर्यंत सांगत की त्यांनी ज्याच्यावर पाणी ओतले तोच त्या वर्षी घाटाचा राजा झाला. ते खरे होते की नाही हे तपासण्याचा मला कधी धीर झाला नाही.

मागचेचाक:

‘घाटाचा राजा’ म्हणजे काय, हे नव्या वाचकांसाठी थोडे सविस्तर लिहितो, कारण पाटीवर नेमके तेच शब्द का कोरले असतील हे त्यावरून समजते.

ही शर्यत जिंकणे आणि घाट जिंकणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. खोपोली जवळपास समुद्रसपाटीला आहे आणि लोणावळा 600 मीटरच्या थोडे वर आहे. मधला बहुतेक चढ खोपोली ते खंडाळा या काही किलोमीटरच्या टप्प्यात एकवटलेला आहे. तोपर्यंत स्वाराने सपाट रस्त्यावरचे कितीतरी किलोमीटर मागे टाकलेले असतात. चढ सुरू झाला की आधीचा घोळका फुटतो आणि प्रत्येक जण आपल्या पायांवर येतो. जो स्वार घाटमाथ्यावर पहिला पोहोचतो त्याला हा किताब मिळतो, मग तो पुण्यात कितव्या क्रमांकाने पोहोचतो याला महत्त्व नाही. एका गिअरची सायकल घेऊन उभ्याने पॅडल मारत तो घाट चढलेल्या माणसांची आठवण जुन्या लोकांच्या बोलण्यात अजून आहे, आणि ती शर्यत जिंकणाऱ्याच्या आठवणीपेक्षा अधिक ठसठशीत आहे.

त्या कारागिराने पुढचे चाक उचललेले दाखवले, हे मला फार योग्य वाटते. ज्यांनी तीव्र चढावर जोर लावून सायकल मारली आहे त्यांना ठाऊक आहे की हँडल स्वतःकडे खेचताना पुढचे चाक हलके होते आणि कधी कधी खरोखरच जमीन सोडते. तो माणूस नुसता वेल्डर नसणार. त्याने स्वतः सायकल घाटात घातलेली असणार.

मोजमाप:

मी रस्तेबांधणीच्या कामांवर तीस वर्षे अभियंता होतो. अशी वस्तू कशी नाहीशी होते ते सांगतो. कोणाला दोष देण्याचा हेतू नाही, शोध कुठून सुरू करावा हे कळावे एवढाच आहे.

पदपथाच्या किंवा रुंदीकरणाच्या कामाचे अंदाजपत्रक करताना मार्गातील अडथळ्यांची यादी केली जाते. झाडे, विजेचे खांब, जलवाहिन्या यांना स्वतंत्र खाती आणि स्वतंत्र परवानग्या असतात, त्यामुळे त्यांची नोंद होतेच. धार्मिक बांधकामाला हात लावण्याआधी सगळे दहादा विचार करतात. लोकवर्गणीतून उभ्या राहिलेल्या चौथऱ्याची मात्र कोणत्याही खात्यात नोंद नसते. तो कोणी हस्तांतरित केलेला नसतो आणि कोणी ताब्यात घेतलेला नसतो. त्यामुळे मोजमाप पुस्तिकेत, म्हणजे केलेल्या कामाची मापे लिहिण्याच्या सरकारी वहीत, तो ‘जुने काँक्रीट तोडणे’ अशा बाबीत काही घनमीटर होऊन जातो आणि लोखंड भंगारात जाते. काँक्रीट तोडणाऱ्या मजुराच्या दृष्टीने ते सायकलीचे स्मारक नसते, एका दिवसाचे काम असते.

तरीही कागद उरतात. कामाआधीची छायाचित्रे बहुधा काढलेली असतात, कारण देयकासोबत ती जोडावी लागतात. निघालेले लोखंड कार्यालयाने परत घेतले असेल तर जडसंग्रह नोंदवहीत (कार्यालयाच्या टिकाऊ वस्तूंच्या वहीत) किंवा भांडारातील आवक नोंदीत त्याचे वजन सापडेल. माहिती अधिकार अधिनियम, 2005 खाली अर्ज करा. आपल्या राज्यात अर्जावर दहा रुपयांचे न्यायालय शुल्क मुद्रांक लावायचे असते, विषय एकच ठेवावा लागतो आणि मजकूर दीडशे शब्दांच्या आत बसवावा लागतो. ‘स्मारक कुठे गेले’ असे विचारू नका, कारण त्याला ‘माहिती उपलब्ध नाही’ हे उत्तर देता येते. त्या टप्प्यातील पदपथाच्या कामाची मोजमाप पुस्तिका, कामापूर्वीची छायाचित्रे आणि काढलेल्या साहित्याची नोंद यांच्या प्रती मागा, आणि सोबत अभिलेखाची प्रत्यक्ष पाहणी करण्याची परवानगीही मागा. अर्ज चुकीच्या कार्यालयात गेला तर तो पाच दिवसांत योग्य कार्यालयाकडे पाठवणे त्यांच्यावर बंधनकारक आहे. उत्तरासाठी तीस दिवस असतात.

उपवनची_सकाळ:

मी रोज सकाळी ठाण्यातल्या येऊर डोंगराचा चढ सायकलने चढते आणि आमच्या गटातील बहुतेकांना ही शर्यत कधी ठाण्यातून जात होती हे आजच या धाग्यामुळे कळले. त्यामुळे पुढचे मत मी पूर्ण आदराने मांडत आहे.

स्मारक पुन्हा उभारायचे असेल तर ते त्याच वळणावर असावे का, याचा विचार व्हावा. मी त्या रस्त्याने गेले आहे. तिथे अवजड वाहने आहेत, पदपथ अरुंद आहे आणि वळणावर समोरचे दिसणे आधीच अवघड आहे. चौथऱ्यामुळे एखाद्या पादचाऱ्याला रस्त्यावर उतरावे लागत असेल, तर तो हटवण्यामागे सुरक्षिततेचे कारण असू शकते. तीच सायकल ठाण्यातच तलावपाळीला किंवा उपवन तलावाला, किंवा नवी मुंबईत पामबीच मार्गाच्या कडेला ठेवली, तर दररोज सकाळी शेकडो सायकलस्वार तिच्यासमोरून जातील, थांबतील आणि पाटी वाचतील. ज्या वळणावर कोणी थांबूच शकत नाही, तिथे ठेवलेले स्मारक कोणासाठी असणार?

पारसिकपायथा:

आपला प्रश्न रास्त आहे आणि सुरक्षिततेचा मुद्दा मी मान्य करतो. चौथरा दोन हात मागे, डोंगराच्या बाजूला घ्यावा लागला तर त्याला माझा विरोध नाही. परंतु उपवनला किंवा पामबीचला नेण्यास मात्र आहे, आणि त्याचे कारण सविस्तर लिहितो.

ती सायकल शोभेसाठी नव्हती. ज्यांनी वर्गणी दिली त्यांना शर्यतीचा गौरव करायचा होता हे खरेच, पण त्याहून अधिक त्यांना एक गोष्ट नोंदवून ठेवायची होती की पुण्याचा रस्ता आपल्या दारावरून जात होता. पूल झाला आणि तो रस्ता एका रात्रीत ‘जुना’ झाला. ट्रका उरल्या, पण पुण्याला जाणारी माणसे उरली नाहीत, शर्यत उरली नाही, आणि रस्त्याच्या कडेला चहा-भजी विकणाऱ्यांचे धंदे बसले. ती सायकल म्हणजे त्या रस्त्याची साक्ष होती. पामबीच मार्गावर ती सुंदर दिसेल, पण तिथे ती काहीही सिद्ध करणार नाही, कारण त्या जागेवरून ही शर्यत आमच्या लहानपणी जात नव्हती. तेव्हा तो मार्गच नव्हता.

बोरघाटातले एक उदाहरण देतो. शिंग्रोबाचे छोटे देऊळ जुन्या रस्त्यावर घाटातच आहे. घाटाची वाट इंग्रजांना एका धनगराने दाखवली आणि त्यातच त्याचा जीव गेला, अशी आख्यायिका आहे. आजही त्या रस्त्याने जाणारे अनेक वाहनचालक तिथे नाणे टाकतात. तिथे गाडी थांबवायला फारशी सोय नाही, पण म्हणून ते देऊळ कोणी लोणावळ्याच्या बागेत नेऊन ठेवावे असे म्हणत नाही, कारण त्याची गोष्ट त्या वळणाशिवाय सांगताच येत नाही.

आणि याच मार्गावरचे उलट उदाहरणही आहे. अमृतांजन पूल या नावाने सगळ्यांना माहीत असलेला बोरघाटातला ब्रिटिशकालीन पूल एप्रिल 2020 मध्ये स्फोटाने पाडण्यात आला. त्याचे खांब द्रुतगती मार्गाच्या मधे येत होते आणि तिथे अपघात होत होते, त्यामुळे तो पाडण्याचे कारण समजण्यासारखे होते. पण घाटाचा गाडीरस्ता 1830 मध्ये खुला झाला तेव्हापासूनची ती आठवण होती. तो पडला तेव्हा निदान सगळ्या वर्तमानपत्रांत बातमी आली आणि लोकांनी जुनी छायाचित्रे शोधून काढली. आमच्या सायकलीच्या वाट्याला एका ओळीची बातमीही आली नाही.

मागचेचाक:

या वादात एक बाहेरची माहिती उपयोगी पडेल असे वाटते. फ्रान्समधील पिरेनीज पर्वतातल्या तुर्माले या खिंडीतून टूर दे फ्रान्स ही सायकल शर्यत पहिल्यांदा 1910 मध्ये गेली. खिंड 2115 मीटर उंचीवर आहे आणि तिथे माथ्यावर सायकलस्वाराचा एक मोठा धातूचा पुतळा आहे. हिवाळ्यात बर्फामुळे रस्ता बंद होतो, म्हणून दर वर्षी तो पुतळा खाली आणतात आणि जूनच्या सुरुवातीला पुन्हा वर नेतात. वर नेताना तो वाहनावर ठेवलेला असतो आणि त्याच्या मागून शेकडो सायकलस्वार तो चढ चढत जातात. मी ते चित्रफितीत पाहिले तेव्हा मला आपल्या पालख्यांचीच आठवण झाली. दर वर्षी जागेवरून हलणारा तो पुतळा हरवत नाही, कारण तो परत कुठे जायचा आहे हे सगळ्यांना ठाऊक असते.

गालिबिए खिंडीत टूर सुरू करणाऱ्या आँरी देग्रांज यांचे स्मारक 1949 मध्ये उभारले गेले. माँ व्हाँतू या डोंगरावर टॉम सिम्सन हा ब्रिटिश सायकलपटू 13 जुलै 1967 रोजी शर्यतीतच कोसळून मरण पावला. त्याची शिळा माथ्याच्या थोडी अलीकडे, उघड्या खडकाळ उतारावर आहे, आणि तिथे येणारे सायकलस्वार आपली पाण्याची बाटली किंवा टोपी ठेवून जातात. फाबिओ कासार्तेली हा 1992 च्या ऑलिंपिकमधील विजेता 1995 च्या टूरमध्ये घाट उतरताना पडून गेला. त्या जागी उभारलेल्या स्मारकात सूर्याच्या सावलीने त्याचा जन्मदिवस, सुवर्णपदकाचा दिवस आणि मृत्यूचा दिवस दाखवला जातो. त्याची मोडलेली सायकल मात्र इटलीत गिसाल्लोच्या टेकडीवरील चॅपेलमध्ये आहे. म्हणजे पाहण्याची वस्तू सुरक्षित जागी आणि जागेची खूण जागेवर, अशी वाटणी करता येते. उपवनची_सकाळ, तुमची आणि धागाकर्त्यांची दोघांचीही इच्छा यात बसू शकेल.

उपवनची_सकाळ:

हे मला पटले. सायकल सापडली आणि ती वळणावर सुरक्षित राहणार नसेल, तर ती जिथे लोक थांबू शकतात तिथे असावी आणि पाटी मात्र त्याच वळणावर, भिंतीला किंवा पदपथाच्या कडेला बसवावी. पाटी पदपथावर अडथळा होत नाही. माझ्या आधीच्या मतात हा भेद नव्हता.

शीळफाटा:

मुंबईत सेंट थॉमस कॅथेड्रलपासून अंतरे मोजणारे ब्रिटिशकाळातले मैलाचे दगड होते. त्यांपैकी काही पदपथ उंचावत गेले तसे गाडले गेले होते आणि अलीकडच्या काळात काही पुन्हा वर काढून जागच्या जागी नीट करण्यात आले. म्हणजे अशा कामाला प्रशासनाकडून प्रतिसाद मिळतच नाही असे नाही. अर्जात हे उदाहरण द्यावे.

आणखी एक. काल संध्याकाळी मी मुद्दाम त्या वळणावर गेलो. पेव्हर ब्लॉकच्या एका कोपऱ्यात चार ब्लॉक नीट बसलेले नाहीत, थोडे वर आलेले आहेत. वाकून पाहिले तर दोन ब्लॉकच्या फटीतून कापलेल्या बोल्टचे टोक दिसते. गॅस कटरने कापल्यावर लोखंडाला येतो तसा ओबडधोबड काठ त्याला आहे आणि गंज चढलेला आहे. हाताच्या अंतरावर तसेच दुसरे टोक लागले. चौथऱ्याचा वरचा भाग तोडून पाया तसाच ठेवला असावा, असा माझा अंदाज आहे.

मोजमाप:

तुमचा अंदाज बरोबर असण्याची शक्यता खूप आहे. खोल पाया उकरण्याचा खर्च आणि वेळ वाचवण्यासाठी तो पृष्ठभागापर्यंत कापतात आणि वर वाळू पसरून ब्लॉक बसवतात. मात्र सायकल थेट पायाला जोडलेली होती की चौथऱ्याला, हे महत्त्वाचे आहे. कापलेले बोल्ट पायातून चौथऱ्यातून वरपर्यंत आले असतील, तर त्यांच्यातील अंतर म्हणजेच सायकलीच्या बैठकीचे माप. कोणाकडे छायाचित्र असेल आणि त्यात माप ठरवता येईल अशी एखादी ओळखीची वस्तू असेल, तर दोन्ही जुळवता येतील. असे जुळलेले माप आणि छायाचित्र अर्जासोबत जोडले, तर ‘असे काही तिथे नव्हते’ हे उत्तर पुन्हा देता येणार नाही. ब्लॉक मात्र स्वतः उखडू नका. जेवढे फटीतून दिसते तेवढेच मोजा आणि छायाचित्र घ्या.

खारेगावकर:

मी या धाग्याचा आजवर केवळ वाचक होतो. माझ्या बहिणीच्या लग्नाच्या वरातीचे एक छायाचित्र आमच्याकडे आहे, 1980 च्या दशकाच्या शेवटचे. वरात त्या वळणावर थांबली होती आणि माझा धाकटा भाऊ त्या सायकलीवर बसलेला आहे. सायकलीचा पुढचा भाग पूर्ण दिसतो, पाटीचा अर्धा भाग बँडवाल्याच्या ढोलामागे झाकला आहे. ‘घाटाचा’ एवढे अक्षर स्पष्ट वाचता येते. चौथऱ्याला टेकून पितळी समई ठेवलेली आहे, आणि ती समई आजही आमच्या घरात आहे. तिची उंची मी आत्ताच मोजली, साडेबावीस इंच. छायाचित्र कृष्णधवल आहे, त्यामुळे आकाशी की हिरवी हा वाद मात्र त्यातून मिटणार नाही.

पारसिकपायथा:

हे वाचून मी काही वेळ काहीच लिहू शकलो नाही. आपले मनापासून आभार. ते छायाचित्र स्कॅन करताना मूळ फ्रेममधून काढू नका, जुना कागद काचेला चिकटलेला असतो. काचेवरूनच, उजेडात तिरपे धरून त्याचे छायाचित्र घ्या.

अर्जाचा मसुदा मोजमाप यांनी सांगितल्याप्रमाणे तयार केला आहे, एकशे बारा शब्दांत बसला. तीन गोष्टी मागितल्या आहेत: त्या टप्प्यातील पदपथाच्या कामाची मोजमाप पुस्तिका, कामापूर्वीची छायाचित्रे आणि काढलेल्या लोखंडाची भांडारातील नोंद. सोमवारी तो देतो आणि पोचपावतीचा क्रमांक येथे लिहितो. तीस दिवसांत उत्तर आले नाही किंवा अपुरे आले तर पहिले अपील करायचे आहे, त्यासाठीचे वीस रुपयांचे मुद्रांक मी आधीच आणून ठेवले आहेत.

रविवारी सकाळी साडेसहाला, ट्रकांची गर्दी सुरू होण्याआधी, त्या वळणावर बोल्टची मोजमापे घ्यायची आहेत. शीळफाटा, तुम्ही जागा दाखवायला यावे. खारेगावकर, शक्य असेल तर समई सोबत आणावी, म्हणजे ती त्याच जागी ठेवून नवे छायाचित्र काढता येईल. मोजपट्टी, खडू आणि फटी साफ करायला एक जुना दात घासायचा ब्रश मी आणतो.